माशाचा कांटा आणि त्यामागून येणारे जंतु

सोलापूर रस्त्यावरील हडपसरांत बसून समुद्रांतील माशाच्या दंशाची चिंता करणें कांहींसें हास्यास्पद वाटेल. परंतु सुटी लागली कीं येथील कित्येक बिऱ्हाडें हर्णै-मुरुडच्या वाळूंत असतात. आणि शिंगाळा तर मासळीबाजारांतून थेट आपल्या ओट्यावर येतो.

सन २०१३ च्या सप्टेंबरांत मुंबईस गिरगांव चौपाटीवर गणेशविसर्जनास उतरलेल्या पन्नासांहून अधिक लोकांना पाकट माशांनीं दंश केला. पाकट हा मासा भांडखोर नव्हे. तो वाळूंत पसरून पडतो आणि अंगावर पाय पडला म्हणजे शेपटीचा करवतीसारखा कांटा मारतो. कळ असह्य असते. मात्र तें विष उष्णतेनें निकामी होतें. म्हणून सोसवेल इतक्या कढत, सुमारें ४५ अंशांच्या, पाण्यांत पाय तास-दीड तास ठेवावा. पाण्याची परीक्षा धड पायानें करावी. दुखऱ्या पायाला पोळल्याचें कळत नाहीं.

घात होतो तो यानंतर. कळ थांबली म्हणजे संकट टळलें, असें आपणांस वाटतें. पण कांट्याबरोबर जंतूही शिरलेले असतात. कोमट खाऱ्या पाण्यांतील व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा त्यांतला अत्यंत क्रूर. एक-दोन दिवसांतच लाली पसरते, काळसर फोड येतात, ताप चढतो. यकृताच्या रोग्याचा किंवा मधुमेह्याचा पाय, प्रसंगीं प्राणही, त्यांत जातो. अशा वेळीं सकाळपर्यंत वाट पाहूं नये. नदीच्या पाण्यांत एरोमोनास हा जंतु असाच माजतो. मासे साफ करतांना बोटाला टोचलें, तर आठवड्याच्या आंत जांभळट, ठणकणारी सूज येते. आणि मायकोबॅक्टेरियम मरिनमची गांठ कांहीं आठवड्यांनीं उठते, तेव्हां कांटा कोणास आठवतही नसतो!

खोल, अरुंद जखमेंत हवा पोंचत नाहीं. धनुर्वाताच्या जंतूस तेंच मानवतें. हडपसरास १९६६ सालीं निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या आरंभींच्या औषधांत धनुर्वातावरील रक्तजलच होतें. तेव्हां निदान हडपसरकरांनीं तरी ही सुई टाळूं नये.

जखम हळद भरून आवळूं नये. घाईनें शिवूनही घेऊं नये. कांट्याचा तुकडा आंत मोडला असल्यास तो काढल्यावांचून ती भरत नाहीं. आणि ती समुद्रांत झाली, नदींत झाली कीं ओट्यावर, हें डॉक्टरांस त्यांनीं न विचारतां सांगावें. कारण साध्या गळवाचें औषध व्हिब्रिओस पुरेलच असें नाहीं.