सही झाली, वाचन झाले का?

(बंगळूर येथे मराठी भाषिक रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कामाच्या जागी शिक्षण' या विषयावर मी बोलावे असे आपण ठरवलेत. मी मॅट्रिक झालेला माणूस. शिक्षणावर भाषण करायला चाललो आहे असे घरी सांगितले, तेव्हा घरची मंडळी हसली. त्यांचे हसणे बरोबर आहे. म्हणून मी आज विद्वत्ता सांगणार नाही. माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगणार आहे. त्यातून काही घेण्यासारखे वाटले तर घ्या.

मी मूळचा बेळगाव जिल्ह्यातला. 1988 साली गँगमन म्हणून भरती झालो. तेव्हा आमच्याकडे मीटर गेज होती. आमचे मेट शाळेची पायरी न चढलेले, पण त्यांना नियम तोंडपाठ होते. रूळ तुटलेला दिसला तर काय करायचे, हे त्यांनी मला पुस्तकातून शिकवले नाही. हातात लाल झेंडी आणि फटाक्यांचा डबा दिला आणि लाइनवर चालवले. पावले मोजायला लावली. 800 मीटरवर फटाके लावायचे, हे माझ्या पायांनाच पाठ झाले. त्या शिक्षणाला मी आजही नमस्कार करतो. कामगाराने कामगाराला शिकवणे, यापेक्षा मोठी शाळा नाही.

पुढे 1992 नंतर देशभर गेज बदलण्याचे काम सुरू झाले, आणि आमचीही लाइन ब्रॉड गेज झाली. गाड्या जड झाल्या, वेग वाढला. गाडी थांबायला जास्त अंतर लागू लागले. म्हणून नियमातले अंतरही बदलले. ब्रॉड गेजवर बॅनर फ्लॅग 600 मीटरवर, आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके. हे सर्क्युलर आमच्याकडे आले. बरोबर रजिस्टर आले. 'वाचले व समजले' असे वर लिहिलेले होते. खाली सगळ्यांनी अंगठे उठवले, सह्या केल्या. मला वाचता येत होते. तरी मी न वाचता सही केली. कारण एवढेच की चहा झाला होता आणि तो निवत होता.

त्यानंतर काही महिन्यांनी, पावसाळ्यातल्या एका सकाळी, रुळाला तडा गेलेला दिसला. मी फटाके घेऊन धावलो. पाय जिथे थांबायला शिकले होते तिथेच थांबले. 800 मीटर. गाडी आली. आमच्या मेटनी पुढे धावत जाऊन झेंडी हलवली, ती ड्रायव्हरने लांबून पाहिली, म्हणून गाडी तड्याच्या थोडी अलीकडे उभी राहिली. कोणाला खरचटलेही नाही. पण ते कमी पडलेले 400 मीटर मी आजपर्यंत विसरलेलो नाही. चौकशीत साहेबांनी ते रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवले. सही माझीच होती.

साथींनो, मेटना वाचता येत नव्हते. त्यांचा दोष काय? दोष माझा होता, कारण मला येत होते. हाताने शिकलेले सोन्यासारखे असते, पण नियम बदलला की तो हाताला कळत नाही. तो डोळ्यांनी वाचावा लागतो, किंवा कोणीतरी वाचून दाखवावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, सचिवसाहेब जुन्या काळातले सांगतात. आता रजिस्टर कुठे राहिले? सगळे मोबाइलवर आले. खरे आहे. रजिस्टर मोबाइलमध्ये गेले, आणि त्याच्याबरोबर आपली जुनी सवयही तिथे गेली.

सरकारने 2020 साली मिशन कर्मयोगी मंजूर केले. आय-गॉट नावाच्या ॲपवर सरकारी नोकरांसाठी अभ्यासक्रम आले. ऑक्टोबर 2024 मध्ये शिक्षण सप्ताह झाला, प्रत्येकाने निदान 4 तास शिकावे असे उद्दिष्ट ठरले. कल्पना वाईट नाही. पण मी डोळ्यांनी काय पाहिले ते सांगतो. गँगच्या खोलीत एक पोरगा बसला होता, त्याच्यापुढे सात मोबाइल. तो एकेक मोबाइल घेऊन 'पुढे, पुढे' दाबत होता. संध्याकाळी सात जणांना प्रमाणपत्रे आली. विषय कोणता होता, असे मी विचारले. सातातल्या एकालाही सांगता आले नाही.

मी त्यांना रागावलो नाही. आठ तास रुळावर काढलेला माणूस रात्री इंग्रजीतला अभ्यासक्रम कसा बघेल? पण हा आणि माझा चहा, दोन्ही एकच आहेत. उद्या चौकशी झाली तर साहेब प्रमाणपत्र काढून दाखवतील. सही तुमचीच असेल.

पासाचेही तसेच. 2020 पासून आपले पास एच.आर.एम.एस.वर ऑनलाइन आले. आपल्यातले कितीतरी जण मोबाइलच्या दुकानदाराकडे जातात, पासवर्ड त्याला सांगतात आणि पास काढून घेतात. बंधूंनो, पासवर्ड ही आज तुमची सही आहे. कोरा कागद सही करून परक्याच्या हातात द्याल का?

आता माझी दुसरी चूक. ही सचिव झाल्यावरची. खात्यांतर्गत परीक्षेचे एक सर्क्युलर मला मोबाइलवर आले. मी ते न उघडता सगळ्या ग्रुपवर पाठवले आणि वर लिहिले, 'सर्वांनी लाभ घ्यावा'. माझे काम झाले असे मला वाटले. अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्या पानावर होती. ती मी वाचली नाही, ग्रुपमध्येही कोणी वाचली नाही. आमच्या एका ट्रॅकमनची ती संधी गेली. तो मला काहीही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. तेव्हापासून मी नियम केला आहे, जे मी वाचले नाही ते मी पुढे पाठवत नाही.

म्हणजे मोबाइल वाईट का? मुळीच नाही. आज रुळाला तडा दिसला तर फोटो काही सेकंदांत इंजिनीअरपर्यंत पोचतो. आमच्या सेक्शनमधल्या एका भगिनीने तर कमाल केली आहे. ती दर सोमवारी एक नियम घेते, तो आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत बोलून ग्रुपवर टाकते. दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी कोणालाही एक प्रश्न विचारते. ज्याला उत्तर येत नाही त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आता नियम पाठ आहेत. यंत्र तेच आहे. फरक एवढाच की इथे दाबणारे बोट नाही, विचारणारे माणूस आहे.

साथींनो, नवे तंत्र कामगाराला शिकता येत नाही, हे मी मानत नाही. इथून जवळच येलहंक्याला रेल्वेचा चाक आणि धुरा बनवण्याचा कारखाना आहे. 1984 साली तो राष्ट्राला अर्पण झाला. वितळलेले पोलाद दाबाखाली ग्रॅफाइटच्या साच्यात चढवून चाक ओतायचे, हे तंत्र अमेरिकेतून आले. ते नवे तंत्र आपल्याच कामगारांनी उचलले, कारण तिथे शिकणे हे कामच होते. कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, शिकवणारा समोर उभा. माणसाला वेळ आणि शिक्षक दिला की तो शिकतो.

ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1880 साली 'दीनबंधू' हाती घेतला आणि गिरणी कामगारांचे दुःख छापून आणले. 10 जून 1890 रोजी गिरण्यांना रविवारची सुटी जाहीर झाली, त्यामागे त्यांची सभा होती, अर्ज होते आणि तो कागदही होता. 1958 साली कामगार शिक्षणाचे केंद्रीय मंडळ झाले. आज त्याला दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव आहे. त्या योजनेत कामगारांतूनच कामगार-शिक्षक तयार करायचे आणि त्यांनी आपल्या कारखान्यातल्या भावांना शिकवायचे, अशी पद्धत होती. आमचे मेट आणि ही सोमवारची भगिनी, दोघेही त्याच पंक्तीतले.

आणखी एक नाव घेतो. नारायण सुर्वे. गिरणी कामगाराने वाढवलेले पोर. गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, शिकत राहिले आणि पुढे शिक्षक झाले. 1966 साली त्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह आला. कामगाराच्या विद्यापीठाला इमारत लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवले.

म्हणून म्हणतो, केवळ नियमाचे पुस्तक वाचू नका. कादंबरी वाचा, वर्तमानपत्र वाचा. इथे आहात तर कन्नडही वाचायला शिका. त्याने प्रमोशन मिळेल असे मी सांगत नाही. पण रोज वीस मिनिटे बसून वाचणाऱ्याला कागदाची भीती राहत नाही. एस.एफ. 5 ची चार्जशीट हातात पडते आणि 10 दिवसांत उत्तर द्यायचे असते, तेव्हा हा फरक कळतो. न वाचणारा माणूस ती घडी घालून खिशात ठेवतो आणि नवव्या दिवशी माझ्याकडे येतो. वाचणारा पहिल्याच दिवशी येतो आणि विचारतो, 'दुसऱ्या आरोपात तारीख चुकली आहे, हे आपल्या कामाचे आहे का?' असा सभासद आला की मला निम्मी केस जिंकल्यासारखे वाटते.

आता प्रशासनाकडे आपले काय मागणे आहे? एक, प्रशासनाने सांगितलेले शिक्षण ड्यूटीच्या वेळेत झाले पाहिजे. रेल्वे कामगाराचे कामाचे तास आणि विश्रांती हा प्रश्न न्यायमूर्ती राजाध्यक्षांपुढे लढवला गेला आणि 1947 साली त्यांचा निवाडा आला. आज 2005 चे नियम आहेत. विश्रांतीचा तास लढून मिळवलेला आहे, तो मोबाइलमधून परत घेऊ देणार नाही. दोन, सुरक्षेचा प्रत्येक नियम कामगाराला समजेल त्या भाषेत, छापील स्वरूपात, कामाच्या जागी मिळाला पाहिजे. तीन, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला त्या कारणाने शिक्षा होता कामा नये.

मागण्या झाल्या. पण स्वतःकडून काय? प्रत्येक शाखेत पुस्तकांचे एक कपाट असू द्या. आठवड्यातून एकदा एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि प्रश्न विचारावेत. आणि आम्हा पदाधिकाऱ्यांना तुम्ही दर महिन्याला विचारा, 'सचिवसाहेब, या महिन्यात काय वाचले?' उत्तर आले नाही तर चहा आमच्याकडून.

साथींनो, आमचे मेट निवृत्त होताना मी त्यांना विचारले, काही राहून गेले का? ते म्हणाले, 'सगळे नियम पाठ होते रे. एक तरी माझा मला वाचता आला असता तर!' त्यांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळालेले आहे. ते चहापायी घालवू नका. यापुढे सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा. आणि समजले नाही तर सही न करता हात वर करा. तुमच्या शेजारी युनियन उभी असेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!