उजळणी : मिटलेल्या पुस्तकाची

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



परीक्षेपूर्वी मुलांकडून उजळणी कशी करून घ्यावी, ह्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली आहे. आपणांपैकी प्रत्येकजण दरवर्षी उजळणी घेतोच. तेव्हा त्यात नवे सांगण्यासारखे काय असणार, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविकच आहे. माझ्या नोकरीची पहिली बारा वर्षे मीही ह्याच समजुतीत काढली. ती समजूत कशी मोडली, तेथूनच आरंभ करतो.

शिष्यवृत्ती परीक्षेस बसविलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. आईवडील शेतमजूर, घरात अक्षर ओळखणारे दुसरे कोणी नाही. मी तिला सांगत असे, ‘धडा पुन्हा वाच.’ ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन धडा पुन्हा वाची. मी प्रश्न विचारला की ती पुस्तक उघडून नेमक्या ओळीवर बोट ठेवी, आणि मी समाधान पावे. निकाल लागला तेव्हा तिला अगदीच थोडे गुण होते. मी काहीशा रागानेच विचारले, ‘वाचले नव्हतेस काय?’ ती म्हणाली, ‘पाच पाच वेळा वाचलं, गुरुजी. पुस्तकात बघितलं की सगळं येत होतं.’

पुस्तकात पाहिले की सगळे येत होते! ह्या एका वाक्यात माझ्या उजळणीचा सारा दोष उघडा पडला. ओळखणे आणि आठवणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाजारात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण तत्काळ ओळखतो, पण त्याचे नाव काही केल्या ओठांवर येत नाही. धडा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचताना ओळी परिचित वाटतात आणि ‘हे मला येते’ असा भास होतो. परीक्षेत मात्र समोर ओळी नसतात, कोरा कागद असतो. मी त्या मुलीला पाच वेळा ओळखावयास लावले. आठवावयास एकदाही लावले नाही. चूक तिची नव्हती.

ह्या बाबतीत शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग आपण जाणून घेण्यासारखे आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पिट्झर नावाच्या संशोधकाने सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांना एक उतारा वाचावयास दिला व त्यांचे गट पाडून निरनिराळ्या दिवशी चाचण्या घेतल्या. ज्यांची चाचणी वाचनानंतर लगेच झाली, त्यांच्या लक्षात तो उतारा पुढे कितीतरी अधिक राहिला. हा प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००६ साली रोडिगर व कार्पिक ह्या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला. एका वेळी विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी एकदाच वाचून, तो बाजूस ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तर दोनदा वाचलेल्याची सरशी झाली : शेकडा ८१ विरुद्ध ७५. परंतु आठवड्याने पाहिले तेव्हा दोनदा वाचलेल्यापैकी शेकडा ४२ एवढेच उरले होते आणि लिहून काढलेल्यापैकी शेकडा ५६. बंधूंनो, आपली फसगत होते ती त्या पहिल्या पाच मिनिटांत! वर्गात लगेच विचारले तर वाचणारा मुलगा हुशार दिसतो.

आपल्याकडे हे अगदीच अज्ञात होते असे नाही. दिवेलागणीला घरोघरी परवचा म्हणण्याची चाल होती. पाढे, पावकी, निमकी, दिडकी रोज त्याच वेळी, पुस्तकाविना, मोठ्याने म्हणावयाची. पंतोजींच्या छडीचे आणि अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीचे समर्थन मी करीत नाही. परंतु रोज थोडे, आणि तेही समोर काही न ठेवता, ही त्या चालीतील दोन तत्त्वे खरी होती. ज्या घरी परवचा ऐकावयास आजी-आजोबा होते, तेथील मूल पुढे गेले. ज्या घरी कोणी नव्हते, ते मागे राहिले. म्हणूनच माझा आग्रह असा की, उजळणी गृहपाठावर सोपवू नये. ती शाळेत, आपल्या देखत व्हावी.

ती कशी करावी? दिवसाच्या आरंभीची सात-आठ मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत. पुस्तके दप्तरात, पाट्या हातात. एक प्रश्न कालच्या पाठावर, एक गेल्या आठवड्यातील, एक गेल्या महिन्यातील. भूगोलाचेच उदाहरण घ्या. काल नद्यांचा पाठ झाला असेल, तर ‘सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या तीन नद्या लिहा’ असे सांगावे आणि स्वस्थ उभे राहावे. हे स्वस्थ उभे राहणेच आपणा शिक्षकांस सर्वांत कठीण जाते! मूल अडले की आपण ‘गो… गो…’ म्हणून मोकळे होतो आणि ‘गोदावरी’ शोधण्याचा त्याचा श्रम हिरावून घेतो. आठवण पक्की होते ती त्या श्रमानेच. हात वर करणाऱ्या चौघांस विचारून पुढे जाऊ नये. पाटीवर सर्वांनीच लिहावे. मग लगोलग बरोबर उत्तर फळ्यावर द्यावे आणि प्रत्येकाने आपले आपण दुरुस्त करावे. चुकीचे उत्तर दुरुस्तीविना राहिले तर तेही पक्के होऊन बसते.

ह्या प्रश्नांना गुण मात्र देऊ नयेत, आणि कोणाची पाटी वर धरून दाखवूही नये. गुण आले की भीती येते आणि भ्यालेले मूल शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहते. द्विशिक्षकी शाळेत एका गुरुजींना दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात, हे मी विसरलेलो नाही. तेथे मुलांच्या जोड्या लावाव्यात : एकाने पुस्तक धरून विचारावे, दुसऱ्याने न पाहता सांगावे, मग अदलाबदल. थोडा गलबला होईल. तो सोसावा.

गणिताविषयी वेगळे बोलले पाहिजे. लसावि शिकविला की आपण त्याचीच दहा उदाहरणे देतो. मसावि शिकविला की त्याची दहा. दहाही बरोबर येतात, कारण मूल उदाहरण वाचतच नाही. आज काय काढावयाचे ते त्यास आधीच ठाऊक असते. परीक्षेत ‘तीन घंटा अनुक्रमे ६, ८ व १२ मिनिटांनी वाजतात; एकदा एकत्र वाजल्यावर पुन्हा किती मिनिटांनी एकत्र वाजतील?’ आणि ‘३६ व ४८ लिटर तेलाची दोन पिंपे पूर्ण मोजता येतील असे मोठ्यात मोठे माप कोणते?’ हे दोन प्रश्न शेजारी शेजारी येतात. पहिल्यास लसावि २४ आणि दुसऱ्यास मसावि १२ एवढे काढणे मुलास जमते. कोठे कोणता काढावयाचा, तेथे ते अडते. रीत समजेपर्यंत एकाच प्रकारची उदाहरणे जरूर द्यावीत, परंतु उजळणीत ती सरमिसळच असावीत. रोअरर व टेलर ह्यांच्या २००७ सालच्या प्रयोगात सरमिसळ सराव करणाऱ्यांचा सराव खालावलेला दिसला, शेकडा ८९ ऐवजी ६०. पण आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांनी शेकडा ६३ मिळविले आणि इतरांनी केवळ २०. बाजारातील अपेक्षित प्रश्नसंच बहुधा प्रकरणवार असतात. ते आणलेच तर पाने उलटीसुलटी करून वापरावेत.

जागरणाविषयी एवढेच सांगतो की, परीक्षेच्या आदल्या रात्री मुलास झोपू द्यावे.

आता ज्या मुलांसाठी मी मुख्यतः येथे उभा राहिलो, त्यांच्याविषयी. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. ती परतली की आपण सहज म्हणून जातो, ‘सगळे विसरून आला!’ एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करावयाचे, आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती वेळ वाचतो ते मोजावयाचे, अशी त्याची पद्धत होती. एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश वेळ वाचला. विसरण्याचा वेग आरंभी फार, पुढे मंद. महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश वेळ वाचतच होता. हे निरर्थक अक्षरांचे झाले; समजून घेतलेला धडा तर त्याहून चिवट असतो. फडावरून आलेले मूल प्रश्नास निरुत्तर राहिले म्हणून त्याचे शिक्षण पुसले गेले असे समजू नये. त्यास पहिल्या पानापासून बसविण्याऐवजी आठ-दहा दिवस रोज थोडे थोडे विचारावे, अडेल तेथे सांगावे, पुन्हा विचारावे.

आणि ते जाण्यापूर्वी एक वही द्यावी. पानाच्या पुढच्या अंगास प्रश्न, मागच्या अंगास उत्तर. आईस वाचता येत नसले तरी चालेल. ‘पान उलटण्याआधी सांग’ एवढे तिला म्हणता येते. वहीस खर्च फारसा नाही. ती भरण्याचे काम वर्गातील इतर मुलांकडे द्यावे, म्हणजे त्यांचीही उजळणी होते. दिवाळीच्या सुटीपूर्वी अशा किती वह्या तयार झाल्या, ते प्रत्येक शाळेने पुढील परिषदेत सांगावे, अशी माझी विनंती आहे.