९६ मिनिटांचा हिशेब

(नावडे येथे पक्षकार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्राथमिक शाळेचा विषय पक्षाच्या व्यासपीठावर येतो तेव्हा तो बहुधा इमारतीचा, रिक्त पदांचा किंवा अनुदानाचा असतो. हे प्रश्न मोठेच आहेत. परंतु दुसरीच्या वर्गातील मूल दिवसभर प्रत्यक्ष काय करते, ही चौकशी समाजवादी चळवळीने शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून दिली. गिरणीतल्या आणि शेतावरच्या कामाचे तास मोजणाऱ्या चळवळीने कामगाराच्या मुलाचे शाळेतील तास कधी मोजले नाहीत, हे येथे कबूल केलेले बरे.

हिशेब सोपा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन झाले पाहिजे; म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टानुसार पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक पुरेसे. तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कागदावर देखणे दिसते; पण वर्ग पाच आहेत! दोन शिक्षकांचे मिळून आठ तास पाच वर्गांत सारखे वाटले तर एका वर्गाच्या वाट्याला ९६ मिनिटे येतात. उरलेले दोन तास चोवीस मिनिटे ते मूल शिक्षकाविना असते. मालक आणि मजूर यांच्या मिळकतीची सरासरी काढून मजूर सुखी ठरवावा, तशातलाच हा प्रकार होय.

त्या १४४ मिनिटांत मूल काय करते, यावर त्याचे शिक्षण ठरते. फळ्यावरचा धडा उतरवून काढणे, पाढे एका सुरात घोकणे आणि गडबड न करता बसणे, ही त्याची परंपरागत उत्तरे आहेत. दुसरे उत्तर कृतीचे आहे, आणि ते इयत्तेगणिक बदलते.

पहिलीचे मूल शाळेत येते ते घरची बोली घेऊन. नावड्यासारख्या गावात ती आगरी असेल, तळोज्याच्या कारखान्यांसाठी आलेल्या कुटुंबात भोजपुरी असेल. त्याला आधी बोलते करावे लागते. चित्रावर गप्पा, धुळीत बोटाने अक्षर, चिंचोक्यांच्या राशी, दहा काड्या दोऱ्याने बांधून केलेला गठ्ठा, हा पहिलीचा उद्योग. दुसरीत तोच गठ्ठा सोडून वजाबाकी करावी लागते. हातचा म्हणजे काय हे ज्या मुलाने गठ्ठा सोडून पाहिले, त्याला ते पुन्हा सांगावे लागत नाही. ज्याने नुसते फळ्यावर पाहिले, ते पाचवीतही चाचपडते. तिसरीत मूल शाळेबाहेर पडते. गावठाणाचा नकाशा काढते, दुकानात जाऊन डाळ-तांदळाचे भाव लिहून आणते. चौथी-पाचवीत प्रश्न विचारण्याची पाळी त्याची असते. त्याखेरीज पाचवीची मुलगी पहिलीतल्या चौघांना गोष्ट वाचून दाखवते, तेव्हा दोन इयत्ता एकाच वेळी शिकत असतात आणि गुरुजी तिसऱ्या वर्गाकडे मोकळे होतात.

यावर कार्यकर्त्यांचाही एक आक्षेप असतो. हे खेळ सुखवस्तूंच्या शाळांना शोभतात, गरिबाच्या पोराला लिहिता-वाचता आले म्हणजे झाले, असे म्हटले जाते. कोसबाडचा इतिहास याला चोख उत्तर देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांवर काम भागवले. मूल अंगणवाडीत येईना तर अंगणवाडी पाड्यावर गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. पैसा हे सरकारचे निमित्त आहे, गरिबीचे लक्षण नव्हे.

याचा अर्थ शिक्षकांची पदे न भरता चिंचोक्यांवर भागवावे, असा मात्र कोणी काढू नये. तो काढण्यास राज्यकर्ते उत्सुकच असतात. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आपल्या बळावर वर्ग बदलले, राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले, आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासकीय कार्यक्रम निघाला. जे उमजून केले होते ते आदेशाने करायचे ठरले. अनेक ठिकाणी फरशी रंगली, शिकवणे तेच राहिले. शिवाय शिक्षक अहवाल भरण्यात गुंतला की ९६ मिनिटांतूनही काही कापली जातात. कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांपलीकडचे अशैक्षणिक काम देता येत नाही; ते कलम कितीजणांनी वाचले आहे?

आता या गावाकडे पाहावे. एका बाजूस सिडकोच्या इमारती, दुसऱ्या बाजूस तळोजे औद्योगिक वसाहत, मध्ये जुने गावठाण. परिसर अभ्यासाला याहून समृद्ध पाठ्यपुस्तक छापता येणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि कारखान्यांच्या रंगीत सांडपाण्याची व कासाडी नदीची चर्चा देशभर झाली. चौथीच्या मुलाने घरच्या आजोबांना विचारावे, या नदीत पूर्वी कोणते मासे मिळत? उत्तरे वहीत उतरवावीत, वर्गात ताडून पाहावीत. भाषा, विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचे तास त्यात आपोआप येतात. (काही अधिकाऱ्यांना हा उपक्रम आवडणार नाही, हे उघड आहे.)

गणिताचेही तसेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द या पट्ट्यातील पोर पाळण्यात ऐकते. परंतु साडेबारा टक्के म्हणजे किती, हे पाचवीत त्याला विचारून पाहावे. कागदाची घडी तीनदा घातली की आठ भाग होतात, त्यांतला एक म्हणजे साडेबारा टक्के. एकराचे गुंठे चाळीस, त्यांतले पाच. ज्याच्या आजोबांची जमीन गेली, त्या मुलाला अपूर्णांक याच घडीतून कळावा.

हे कोणी घडवून आणायचे? कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीचा आहे. तेथे आपला माणूस गेला की तो बहुधा कुंपण आणि स्वच्छतागृह यांवर बोलतो. त्याने दुसरीचे वेळापत्रक मागावे. गुरुजी दुसऱ्या वर्गावर असताना ही मुले काय करतात, एवढेच विचारावे. चौकशीच्या सुरात नव्हे, बाईंच्या आणि गुरुजींच्या बाजूने उभे राहून. जेथे तिसरा शिक्षक हवा असेल तेथे तो मागण्यासाठी हा ९६ मिनिटांचा हिशेब जिल्ह्यापर्यंत न्यावा.

एक अडचण मात्र सभेपूर्वीच सोडवावी लागेल. समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी ठेवली की तळोज्याच्या कंत्राटी कामगाराचा खाडा होतो आणि घरकामाला जाणाऱ्या आईचीही रोजी बुडते. ती बैठक कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी, असा अर्ज जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी नावड्यातील पालकांच्या सह्यांनिशी मुख्याध्यापकांकडे गेला पाहिजे.