मोहाचे बी

हुडकेश्वरला आमच्या घरामागे, पूर्वीच्या एका शेताच्या बांधावर, मोहाचे जुने झाड होते. शेताचे प्लॉट पडले, मुरमाचा रस्ता झाला, आणि झाडाचीही पाळी आली. ते जाणार हे मला महिनाभर आधी कळले होते. मी काही लढणारा माणूस नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. मनात म्हटलं, झाड वाचत नाही तर निदान त्याचे बी राखू. जून सरत आला होता, खाली फळांचा सडा पडला होता. पिशवीभर बिया वेचल्या, मध्येच उघडीप मिळाली तेव्हा गच्चीवर खडखडीत वाळवल्या आणि बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या. पुढच्या मृगात सवडीने लावू, असा बेत होता.

श्रोतेहो, पुढच्या मृगात त्यातले एकही बी उगवले नाही. झाड तर केव्हाच गेले होते.

उमरेडकडचे एक निवृत्त वनरक्षक ओळखीचे आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “सर, मोहाचं बी वाळवत नसते. ते वाळलं का मेलं.”

माझी चूक शिकलेल्या माणसाची होती. बी म्हटले की ते वाळवून ठेवायचे, हे आपण ज्वारी-तुरीवरून शिकतो. सागाचे बीही तसेच. त्याचे कवच इतके टणक की वर्षभर पोत्यात राहिले, ऊन-पाऊस खाल्ला, तर उलट बरे उगवते. मोहाची तऱ्हा निराळी. त्याच्या बीत तेल आणि ओल दोन्ही असतात. ओल गेली की आतला कोंब मरतो. काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची ताकद ओसरते. हिमालयातला बांज किंवा युरोपातला ओक यांच्या बियांचेही असेच आहे. युरोपात ओकचे बी एक पक्षी चोचीने उचलून ओल्या मातीत पुरून ठेवतो. त्यातले काही तो खात नाही, आणि तेथे झाड उभे राहते. आपल्याकडे मोहाची फळे वटवाघळे खातात आणि बिया दूरदूर टाकतात. म्हणजे पेरणी करणारे आहेत. मग मोहाची रोपे दिसत का नाहीत?

आपल्या पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जाऊन पाहा. बांधाबांधावर आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोह दिसतील; गुडघ्याएवढे रोप मात्र शोधावे लागेल. कारणे साधी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. ती नीट वेचता यावीत म्हणून त्याआधी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्यात मागच्या पावसातली इवलीशी रोपेही जळतात. पुढे जून-जुलैत बिया, ज्यांना कुठे टोळी तर कुठे टोळंबी म्हणतात, तेलासाठी वेचल्या जातात. उरलेसुरले बकऱ्या खातात. यात वेचणाऱ्याला बोल लावणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. उन्हाळ्याचे त्याचे मीठ-मिरचीचे पैसे त्या फुलांतूनच येतात. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून काढता येतो. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलतात. आणि टोपलीभर टोळंबीतली चार मुठी मातीला परत दिली, तर घरचे तेल काही आटत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. राखण्यात पुढच्या पिढीची झाडेही आलीच.

आता लावण्याविषयी. नुकतीच गळलेली फळे घ्यावीत. आपल्या किंवा विचारून दुसऱ्याच्या बांधावरची, अभयारण्यातली नव्हेत. गर काढून बी धुवावे, सावलीत पाणी निथळू द्यावे आणि आठवड्याच्या आत मातीत घालावे. बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. पिशवीत लावायचे तर पिशवी उंच हवी, कारण मोहाचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते. आखूड पिशवीत ते वेटोळे घालते. त्यापेक्षा पाऊस स्थिरावल्यावर बी जागेवरच लावलेले बरे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून मुरमाड उतार किंवा बांध निवडावा. भोवती बोरीच्या काट्या रोवाव्यात आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. फुलांची घाई मात्र करू नये. दहा-पंधरा वर्षे थांबावे लागते. मोह लावणारा माणूस आपल्यासाठी क्वचितच लावतो.

त्या वनरक्षकांनी पुढच्या आषाढात ओल्या फडक्यात बांधून ताज्या बिया आणून दिल्या. पंधरवड्यात कोंब दिसले. त्यातली तीन रोपे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर आज जगून आहेत. पण ती उमरेडकडच्या मोहाची लेकरे आहेत. आमच्या घरामागच्या मोहाचा वंश माझ्या डब्यात संपला. त्याचा दोष प्लॉट पाडणाऱ्यांना देता येत नाही.

आपल्या ओळखीत एखादा जुना मोह अजून उभा असेल, तर येत्या जूनमध्ये त्याच्याखाली एकदा जाऊन या. पिशवी न्या, पण घरी आल्यावर डबा उघडू नका. कुदळ घ्या.