छोट्या आगबोट-कंपनीचे शेअर

बंदरांतून बाहेर पडणारी आगबोट पाहतांना काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनांत पहिला विचार येतो तो वादळाचा. त्या बोटीच्या कंपनींत ज्यानें चार पैसे घातले असतील, त्याच्या मनांत तर तो येतोच येतो. पण वादळाचा विमा उतरवितां येतो. बोट बुडाली तर तिची किंमत विमा कंपनी भरून देते. ज्या धोक्यांचा विमा कोणी उतरवीत नाहीं, ते धोके धक्क्यावर, कचेरींत आणि हिशेबाच्या वहींत असतात. आणि शेअर घेणाऱ्यानें पाहावयाचे ते हेच. ते कसे पाहावे, हें समजून घेण्यास 1906 सालीं तुतिकोरीन येथें निघालेल्या एका कंपनीची हकीकत फार उपयोगी पडण्यासारखी आहे.

दक्षिणेंतील तुतिकोरीन, म्हणजे आजचें थूथुकुडी, हें बंदर सिलोनच्या समोर आहे. व्यापारी, चहाच्या मळ्यांवर कामास जाणारे मजूर आणि त्यांचें सामानसुमान यांची तेथून कोलंबोला सारखी ये-जा असे. ही सारी वाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य कंपनीच्या हातीं होती. व्ही. ओ. चिदंबरम् पिल्लई या तरुण वकिलानें तिच्याशीं टक्कर देण्याचें ठरविलें. पिल्लई हे लोकमान्य टिळकांचे अनुयायी. बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली होती. 16 ऑक्टोबर 1906 रोजीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. भांडवल दहा लाख रुपये आणि शेअर पंचवीस रुपयांचा. म्हणजे चाळीस हजार शेअर. मध्यम स्थितीच्या गृहस्थालाही एखादा घेतां यावा, अशीच ही रक्कम होती.

पहिला धोका लगेच पुढें आला. कंपनीपाशीं स्वतःची बोट नव्हती. मुंबईच्या एका जहाजवाल्या पेढीकडून बोटी भाड्यानें घेऊन काम सुरू झालें. पण प्रतिस्पर्ध्याचें दडपण येतांच त्या पेढीनें आपल्या बोटी काढून घेतल्या. मग सिलोनमधून दुसरी बोट भाड्यानें आणून कशीबशी वेळ निभवावी लागली. भाड्याच्या बोटीवर चालणाऱ्या कंपनीचा धंदा दुसऱ्याच्या अंगणांतल्या विहिरीसारखा असतो. पाणी कितीही गोड असो, दोर ओढावयाचा कीं नाहीं हें अंगणाचा धनी ठरवितो. म्हणून शेअर घेणाऱ्यानें विचारावयाचा पहिला प्रश्न हा कीं, बोट कोणाची, आणि भाड्याची असेल तर करार किती मुदतीचा?

पिल्लई खचले नाहींत. ते मुंबईकडे आले, शेअर खपविले, आणि 1907 सालीं ‘गॅलिया’ व ‘लावो’ या दोन आगबोटी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. तुतिकोरिनांत त्यांचें मोठें स्वागत झालें. त्या दिवशीं एखाद्या भागधारकास आपले पंचवीस रुपये अगदीं सुरक्षित वाटले असतील, तर त्यांत नवल नाहीं. परंतु खरी परीक्षा पुढेंच होती.

ब्रिटिश इंडियानें भाडें उतरवून एका रुपयावर आणलें. स्वदेशी कंपनीनें आठ आणे केलें. तेव्हां दुसऱ्या बाजूनें उतारूंना फुकट नेण्याची तयारी दाखविली आणि वर एकेक छत्री भेट देऊं केली, असें सांगतात. हें ऐकून हसूं येतें. पण धंद्याच्या दृष्टीनें त्यांत वेडेपणा मुळींच नव्हता. बोट भरलेली असो वा रिकामी, कोळसा तेवढाच जळतो, खलाशांचे पगार तेवढेच द्यावे लागतात आणि बंदराचा आकारही चुकत नाहीं. एक उतारू जास्त नेण्यास जवळजवळ कांहींच खर्च येत नाहीं. म्हणून आगबोटींच्या चढाओढींत भाडें किती उतरावें याला तळच नसतो.

केवळ हिशेबासाठीं कांहीं आंकडे धरून पाहावे. एका फेरीचा खर्च हजार रुपये आहे आणि पांचशें उतारू दोन दोन रुपये देतात, असें समजूं. जमाखर्च बरोबर जुळतो. भाडें आठ आण्यांवर आलें कीं त्याच पांचशें उतारूंकडून अडीचशें रुपये मिळतात आणि दर फेरीस साडेसातशेंची तूट येते. आठवड्यास दोन फेऱ्या धरल्या तर वर्षाची तूट 78,000 रुपये होते. भांडवल दहा लाख असलें तरी त्याचा मोठा भाग बोटींच्या किंमतींत अडकलेला असतो. शिल्लक रोकड लाखभर असेल, तर सव्वा वर्षांत ती संपते. मोठ्या कंपनीच्या बोटी मात्र शंभर बंदरांस जातात. एका मार्गावरचा तोटा ती दुसऱ्या दहा मार्गांच्या नफ्यांतून भरून काढते. म्हणून छोट्या कंपनीच्या माहितीपत्रकांत नफ्याचा अंदाज शोधण्यापूर्वीं राखीव रक्कम शोधावी. तोटा किती महिने सोसतां येईल, या आंकड्यावरच तिचें आयुष्य अवलंबून असतें.

हा अनुभव स्वदेशी कंपनीलाच प्रथम आला असें नाहीं. 1893 सालीं जमशेटजी टाटांनीं जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशीं हातमिळवणी करून चीन-जपानच्या व्यापारासाठीं बोटी चालविल्या. त्यावर पी. अँड ओ. कंपनीनें दर टनास एकोणीस रुपयांचें भाडें दीड रुपयापर्यंत खालीं आणलें. टाटांनीं तोटा सोसून तो उद्योग बंद केला. त्यांच्यापाशीं गिरण्या होत्या, इतर मिळकत होती. म्हणून घर उभें राहिलें. ज्याची सारी शिल्लक त्या एकाच बोटींत असती, त्याची गोष्ट निराळी झाली असती.

तिसरा धोका माणसाचा. स्वदेशी कंपनी म्हणजे चिदंबरम् पिल्लई, असेंच समीकरण झालें होतें. 12 मार्च 1908 रोजीं त्यांना पकडण्यांत आलें आणि राजद्रोहाच्या खटल्यांत जन्मठेपेची शिक्षा झाली. पुढें अपिलांत ती कमी झाली, तरी ते सुटले ते 1912 च्या अखेरीस. एवढ्या काळांत कंपनीला धनी उरला नाहीं. पिल्लईंच्या सचोटीविषयीं शंका घेण्यास जागाच नाहीं. परंतु एकाच खांबावर उभारलेला मांडव त्या खांबाच्या चांगुलपणानें टिकत नाहीं. तो माणूस उद्यां नसला तर कारभार कोण पाहील, हा प्रश्न विचारणें म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणें नव्हे.

चौथा धोका सर्वांत शेवटीं दिसतो. 1911 सालीं कंपनी मोडली. मोडलेल्या कंपनीची मालमत्ता विकून भागधारकांस कांहीं परत मिळेल, अशी आशा सर्वांनाच असते. पण आगबोट ही कांहीं घरासारखी वा शेतासारखी वस्तू नाहीं. तिला गिऱ्हाईक थोडें. ‘गॅलिया’ अखेर विकली गेली ती ज्या ब्रिटिश इंडियाशीं झुंजण्यासाठीं आणली होती, तिलाच. मालमत्तेचा एकुलता एक ग्राहक आपला शत्रूच असेल, तर तिची वहींतील किंमत आणि बाजारांतील किंमत यांत केवढें अंतर पडतें, हें सांगावयास नको.

तर मग देशी माणसानें आगबोटींत पैसा घालूंच नये काय? तसें म्हणतां येत नाहीं. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं 1919 सालीं सिंदिया कंपनी काढली. त्याच वर्षीं 5 एप्रिलला तिची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या कंपनीलाही भाड्याच्या चढाओढीनें जेरीस आणलें. पण तिच्यामागें भांडवल कोटींच्या घरांतलें होतें आणि कारभारी एकाहून अधिक. 1923 सालीं तिनें प्रतिस्पर्ध्याशीं करार केला. त्यानें तिच्या वाढीस मर्यादा पडली खरी. पण कंपनी जगली आणि पुढें पुष्कळ वर्षें चालली. स्वदेशी कंपनीपाशीं हिंमत कमी नव्हती. कमी होता तो दम, आणि धंद्यांत दम म्हणजे रोकड.

एक गोष्ट मात्र भागधारकाच्या बाजूनें आहे. मर्यादित कंपनींत शेअरची पूर्ण रक्कम भरली कीं त्याहून अधिक तोटा त्याच्या अंगावर येत नाहीं. मात्र रक्कम हप्त्यांनीं भरावयाची असेल तर जपून असावें. कारण उरलेले हप्ते मागितले जातात ते बहुधा कंपनी अडचणींत आल्यावरच, आणि ते देणें चुकवितां येत नाहीं.

तुतिकोरिनांत शेअर घेणारे सारे भोळे होते, असें मानणें अन्यायाचें होईल. आपल्या पंचवीस रुपयांनीं देशाची बोट समुद्रावर चालावी, एवढ्याचसाठीं पुष्कळांनीं ते दिले असतील, आणि तेवढें फळ त्यांना मिळालें. फसला असेल तो ज्यानें पैसे दिले देणगीच्या उत्साहानें आणि वाट पाहिली व्याजाची. घरांत पैशांच्या दोन पिशव्या असाव्या. एकींत मुलांचें शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद असते. छोट्या आगबोट-कंपनीनें, मग ती कितीही प्रामाणिक असो, त्या पिशवीला हात लावूं नये. दुसऱ्या पिशवींतून, जें गेलें तरी चूल विझणार नाहीं त्यांतून, अवश्य शेअर घ्यावा. फक्त अर्जावर सही करण्यापूर्वीं नवराबायकोनीं एकत्र बसून रक्कम कोणत्या पिशवींतली हें ठरवावें, आणि ठरलें तें वहींत लिहून ठेवावें.