आज्ञावलीची स्मृतिमर्यादा

मेजावरील संगणकात चालणाऱ्या आज्ञावलीस जास्तीत जास्त किती स्मृती वापरू द्यावी, या प्रश्नावर ‘जितकी अधिक तितकी बरी’ हे उत्तर श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात तयार असेल. ते कोठे फसते, हे जावा या भाषेच्या उदाहरणावरून चांगले कळते.

जावातील आज्ञावली स्मृतीच्या एका साठ्यातून जागा घेत जाते. साठा भरत आला, की कचरा-संकलक ही यंत्रणा निरुपयोगी झालेली माहिती हुडकून तिची जागा मोकळी करते. साठ्याची मर्यादा फार कमी ठेवली, तर संकलकास उसंत मिळत नाही; मूळ काम बाजूला राहते आणि सारा वेळ झाडलोटीत जातो. अखेर आज्ञावली कोसळते व न जपून ठेवलेला मजकूर तिच्याबरोबर बुडतो.

दुसरे टोक अधिक फसवे आहे. प्रत्यक्ष स्मृती अपुरी पडली, की संगणक तिच्यातील काही पाने तबकडीवर हलवतो. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्येच ही युक्ती वापरली होती. परंतु पानांची ने-आण अतोनात वाढली, की यंत्र जवळजवळ ठप्प होते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये याची कारणमीमांसा केली. संकलक तर साठाभर हिंडून वापरातील माहिती तपासतो, म्हणून तबकडीवर निजलेली पानेही त्याला पुन्हा जागवावी लागतात. अशा वेळी केवळ ती आज्ञावलीच नव्हे, तर शेजारी चालणारे सारे काही रखडते.

म्हणून अंदाजापेक्षा मोजमाप बरे. नेहमीचे काम चालू असता पूर्ण संकलनानंतर साठ्यात जे उरते, ती खरी गरज. ती ४०० मेगाबाइट भरली, तर तिच्या तिप्पट, म्हणजे १,२०० मेगाबाइटची मर्यादा पुरेशी सैल होते. साठ्याबाहेरही आज्ञावलीस काही स्मृती लागतेच. हा खर्च बहुधा विसरला जातो. मर्यादा सांगितलीच नाही, तर जावा सामान्यतः प्रत्यक्ष स्मृतीचा चौथा हिस्सा धरते: ८ गिगाबाइटच्या यंत्रावर २ गिगाबाइट. अनेक आज्ञावल्यांचा संसार एकाच यंत्रात चालतो, हे पाहता तो वाटा समंजस म्हणावा लागेल.

मात्र संकलनानंतर उरणारा आकडा तासागणिक चढतच असेल, तर दोष मर्यादेचा नाही. नको असलेली माहिती आज्ञावलीच कोठेतरी धरून बसलेली असते. मर्यादा दुप्पट केल्यास दुपारी कोसळणारी आज्ञावली संध्याकाळी कोसळेल, इतकेच.