अळी ते क्रिल

नरसी नामदेवच्या कयाधू नदीसारख्या गोड्या पाण्यात खेकड्याची पिल्लं अंड्यातून खेकडा होऊनच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली बिलगून राहतात. अंटार्क्टिक समुद्रातल्या क्रिलला, त्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाला, ही माया मिळत नाही. त्याची अंडी शेकडो मीटर खोल बुडतात. अंधारात फुटतात. निघालेली नॉप्लियस अळी काहीही न खाता, नुसत्या बलकावर, वर पोहत निघते. केवढी ही चिकाटी! पुढच्या कॅलिप्टोपिस अवस्थेत ती पहिला घास घेते. त्यानंतरच्या फर्सिलिया अवस्थेच्या सहा टप्प्यांत पोहण्याचे पाय फुटतात. पहिला हिवाळा बर्फाखालच्या शेवाळावर निघतो.

खेकड्याच्या पिल्लांना मात्र आईचाच आधार असतो; म्हणून नदीत पिल्लंवाली खेकड्याची मादी सापडली, तर तिला पाण्यात सोडून द्या.